नाक दाबून, नाक खुपसून

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी होते. मी सेवाग्रामची. बापूकुटीपासून सायकलने दहा मिनिटांवर आमचं घर. आणि गेल्या दिवाळीत पुण्याला मावसबहिणीकडे मी वाइन चाखली. फ्रेंच, गोड, दोन घोट.

वर्ध्याकडच्या वाचकांना यात काय विशेष ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या जिल्ह्यात सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ साली झाली, चंद्रपुरात २०१५ साली झाली आणि २०२१ मध्ये उठलीही. आमची मात्र चालूच आहे. त्यामुळे तुमच्या गावात चौकाचौकात जशी 'परमिट रूम'ची पाटी दिसते, तशी मी अकरावीत नागपूरला जाईपर्यंत पाहिलीच नव्हती. मला ते सरकारी ऑफिस वाटलं होतं. परमिट मिळतं म्हणजे आरटीओसारखं काहीतरी असेल!

त्यात आश्रम. लहानपणी आजीबरोबर सायंप्रार्थनेला जायचे, तेव्हा एकादश व्रतं कानावर पडायची. अहिंसा, सत्य, अस्तेय हे शाळेतही शिकवतात. पण त्या अकरांत एक व्रत असं आहे, ज्याबद्दल कुणी निबंध लिहायला सांगत नाही. अस्वाद. म्हणजे जिभेच्या चोचल्यांसाठी खायचं नाही. अन्न औषधासारखं घ्यायचं, शरीराला लागतं म्हणून आणि लागेल तेवढंच, असं गांधीजींचं म्हणणं. मला तेव्हा हे व्रत सगळ्यात अवघड वाटायचं. सत्य एकवेळ बोलता येईल, पण चिवड्याला नाही कसं म्हणायचं?

तर अशा गावची मुलगी हातात पेला घेऊन पुण्यात बसली होती. वय बावीस. आपल्याकडे वाइनसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५ आहे, म्हणजे त्या बाजूने मी सुटले. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याकडे परवानाही असावा लागतो, हे मात्र मला हा लेख लिहायला घेतल्यावर कळलं. ताईला अजूनही माहीत नसेल. आता कळेल.

बाटली भाऊजींनी आणली होती. कंपनीच्या कामाने ते सहा महिने फ्रान्समध्ये तुलूजला होते. बाटली नेहमीच्या अर्धी, ३७५ मिलीची. सोटर्न नावाची वाइन, बोर्दो शहराच्या दक्षिणेला त्याच नावाचं गाव आहे तिथली. जेवणानंतर गोडाबरोबर घेतात. आणि ही कोवळी होती, बाटलीत भरून फार दिवस न झालेली. ही वाइन वीस-तीस वर्षं मुरवतात म्हणे, मग तिचा सोनेरी रंग गुळासारखा होतो. आपल्याकडे लिंबाचं लोणचं मुरतं तसंच काहीसं.

मी पेला तोंडाला लावणार तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "थांब. आधी नाक घाल त्यात."

"नाक?"

"पूर्ण. लाजू नकोस. आणि काय आठवतं ते सांग."

मी पेल्यात नाक खुपसलं. संत्र्याच्या सालीचा वास आला. मग मध. मग आजीच्या गोड लिंबाच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण काढल्यावर येतो तो वास. ताई म्हणाली जर्दाळू. मी जर्दाळू दोनदाच खाल्लाय, त्यामुळे मान डोलावली. मग एक छोटा घोट. आधी इतकी गोड की पाक प्यायल्यासारखं वाटलं. आता जिभेला चिकटणार म्हणेपर्यंत मागून आंबटपणा आला आणि त्याने सगळं गोड ओढून नेलं. कोवळी असते तेव्हा हा आंबटपणा धारदार असतो, असं भाऊजी म्हणाले. सगळ्यात शेवटी घशात एक ऊब उतरली.

छान होती. खोटं कशाला बोलू? छान होती.

मग भाऊजींनी ती कशी करतात ते सांगितलं आणि माझं लक्ष पेल्यावरून उडून थेट आमच्या चार एकरावर गेलं. सोटर्नच्या भागात सिरों नावाची एक छोटी, थंड पाण्याची नदी गारोन या मोठ्या नदीला मिळते. दोन्ही पाण्यांच्या तापमानात फरक असल्यामुळे शरद ऋतूत तिथे सकाळी धुकं दाटतं आणि दुपारी ऊन पडतं. या दमट हवेत पिकलेल्या द्राक्षांवर बॉट्रायटिस नावाची करडी बुरशी चढते. ती सालीला बारीक छिद्रं पाडते, दुपारच्या उन्हात आतलं पाणी उडून जातं, द्राक्ष सुरकुततं आणि साखर आत आटून राहते. दिसायला अगदी फेकून द्यावं असं. पण वाइन त्याचीच होते. सगळे घड एकदम सडत नाहीत, म्हणून मजूर त्याच बागेत पुन्हा पुन्हा फिरतात आणि तयार झालेले मणी तेवढे हाताने तोडतात. तिथल्या शातो दिकेम या सगळ्यात नामांकित बागेत एका वेलीमागे साधारण एक पेला वाइन निघते, असं म्हणतात. मनासारखं पीक आलं नाही तर ते त्या वर्षी आपल्या नावाची वाइन काढतच नाहीत. २०१२ साली काढली नव्हती. याच बागेची १८११ सालची एक बाटली २०११ मध्ये ७५ हजार पौंडांना विकली गेली.

गंमत म्हणजे पाऊस लागून राहिला आणि ऊन पडलंच नाही, तर हीच बुरशी द्राक्षं पार नासवून टाकते. म्हणजे तीच बुरशी एका हवेत सोनं आणि दुसऱ्या हवेत माती.

आता आमच्याकडे या. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन कापून ढीग लावलेला असतो आणि परतीचा पाऊस येतो. शेंगा भिजतात, दाणे काळे पडतात. मग बाबा पोती घेऊन बाजार समितीत जातात. व्यापारी मूठभर दाणे हातात घेतो, फुंकर मारतो, नाकाशी नेतो आणि म्हणतो, "डागी आहे." संपलं. त्या एका शब्दाने क्विंटलमागे भाव कोसळतो. नाकाशी तोही नेतो आणि भाऊजीही नेतात. एकजण भाव पाडायला, दुसरा वाखाणायला. खरं सांगते, त्या रात्री मला हेवा वाटला तो दारूचा नाही. बुरशी लागलेल्या मालालाही भाव मिळवणाऱ्या त्या शेतकऱ्याचा वाटला.

पण हा लेख शेतीवर नाही. घशात उतरलेल्या त्या उबेवर आहे. कारण ती ऊब उतरली आणि मला काका आठवले.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. आमच्या घरात 'दारू' हा शब्द उच्चारत नाहीत. 'त्याचं ते' असं म्हणतात. काकांचं ते होतं. जिल्ह्यात बंदी होती, पण गावाबाहेर नाल्याच्या काठी मोहाची हातभट्टी होती आणि ती कुठे आहे हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. मी सातवीत असताना एकदा त्यांना पिताना पाहिलं. गोठ्यामागे उभे होते. उजव्या हातात स्टीलचा गिलास, आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी नाक घट्ट दाबलेलं. एका दमात गिलास रिकामा केला, चिमूटभर मीठ जिभेवर टाकलं, तोंड वाकडं केलं आणि मग नाक सोडलं. लहान मुलाला कडू काढा पाजतात ना, तसं ते स्वतःच स्वतःला पाजत होते.

२०१७ साली ते गेले. अडतीस वर्षांचे होते. लिव्हर संपलं होतं.

आता मला जे म्हणायचंय ते इथून सुरू होतं. भाऊजी नाक खुपसून पितात, काका नाक दाबून प्यायचे. हा फरक नुसता पैशाचा किंवा बाटलीच्या किमतीचा नाही. नाक दाबून पिणाऱ्या माणसाला चव नको असते. त्याला चवीच्या पलीकडचं काहीतरी हवं असतं. झोप हवी असते, विसर हवा असतो, आजचा दिवस संपायला हवा असतो. दारू मध्ये येते, तेवढी तो नाक दाबून सोसतो.

आणि हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर काकांपेक्षा तुम्ही जास्त आहात. हो, तुम्हीच. शनिवारी रात्री तीन-तीन जण एका बाइकवर बसून 'नदीपलीकडे' जाणारे. बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगते, देवळीच्या पुढे वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. बंदी नदीपर्यंतच. माझ्या ओळखीतली किमान दहा मुलं तिकडे जातात, आणि हल्ली मुलीही जातात. तिथे काय करतात हे विचारलं तर उत्तर एकच. मिळेल ती स्वस्तातली घ्यायची, कडू लागू नये म्हणून कोल्ड्रिंकमध्ये मिसळायची, आणि होस्टेलचं गेट बंद व्हायच्या आत परत यायचं असतं म्हणून पटापट संपवायची. चव कशी होती विचारलं तर हसतात. "चवीसाठी कोण पितं?"

हेच ते नाक दाबणं. बोटांऐवजी कोल्ड्रिंक आलं, एवढंच.

आणि मग त्याच बाइकवर, त्याच रस्त्याने, रात्री परत. यंदाच्या पावसाळ्यात असा परत येणारा एक मुलगा उभ्या ट्रकवर आदळला. जगला. पण त्याचा उजवा हात आता पेन धरत नाही. तो दारू का पीत होता, हे त्याच्या मित्रांपैकी कुणालाही सांगता आलं नाही. ब्रेकअप झालं होतं, असं एकजण म्हणाला. बॅक राहिले होते, असं दुसरा म्हणाला. त्याने कुणाशी काही बोललं होतं का? नाही. "पिताना कोण बोलतं?"

इथे तुमच्या मनात दोन शंका आल्या असतील. दोन्हींचं उत्तर देते.

पहिली शंका : म्हणजे वाइन चांगली आणि मोहाची वाईट, असंच ना? श्रीमंतांची संस्कृती आणि गरिबांचं व्यसन? नाही, अजिबात नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं. जरा हिशेब करू. सोटर्नमध्ये साधारण १४ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे १०० मिलीच्या एका पेल्यात १४ मिली. व्हिस्कीचा ३० मिलीचा एक पेग, ४२.८ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे १३ मिली. शरीराला बाटलीवरचं फ्रेंच लेबल वाचता येत नाही. वाइन म्हणजे दारूच. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येणार नाही. कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात त्याचं नाव १९८८ पासून आहे. सोटर्नमध्ये लिटरला शंभराहून जास्त ग्रॅम साखर असते, ती वेगळीच. त्यामुळे कुणी इन्स्टावर उंच पेला धरून 'वाइन इज अ व्हाइब' लिहीत असेल, तर त्याने काकांवर हसू नये. मोहाच्या फुलालाही वास आहे, चव आहे, जंगल आहे. त्याचे लाडू होतात, भाकरी होते. सोटर्नबद्दल अर्धा तास बोलणाऱ्या आपल्याला मोहाच्या फुलाची चव चार शब्दांत सांगता येत नाही, ही लाज कुणाची? फुलाची नक्कीच नाही.

दुसरी शंका : मग सरळ म्हण ना, पिऊ नका. अस्वाद. विषय संपला.

खरं तर मी त्याच्या बरीच जवळ आहे. दारूबंदी उठवा, असं मी म्हणत नाही. आईच्या बचत गटातल्या बायका भट्टी दिसली की पोलिसांना फोन करू शकतात, कारण कायदा त्यांच्या बाजूने उभा आहे. बंदी नसती तर नवऱ्याने पगार कुठे उडवला याबद्दल त्या फक्त रडू शकल्या असत्या. 'बंदी असूनही मिळतेच' हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. चोऱ्याही होतातच, म्हणून कुणी चोरीचा कायदा रद्द करत नाही.

पण बंदीला एक गोष्ट करता येत नाही. तिला 'का' असं विचारता येत नाही. काका का पितात, हे आमच्या घरात एकदाही कुणी विचारलं नाही. कारण तो विषयच बंद होता. जिल्ह्यात बंदी, घरात बंदी, तोंडात बंदी. त्यांच्यावर कर्ज होतं, हे आम्हाला तेराव्यानंतर कळलं. दारूबंदीने दुकान बंद होतं, ते व्हायलाच हवं. पण दुकानाबरोबर आपण बोलणंही बंद करतो, आणि नाक दाबून पिणारा माणूस त्या शांततेतच तयार होतो.

सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात, म्हणजे १९६९ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, नव्या विद्यार्थ्यांचं पहिलं शिबिर आश्रमात होतं. खादी, प्रार्थना, श्रमदान, नशा नाही. बाहेरची मुलं याची चेष्टा करतात. मला त्यातली एक गोष्ट आवडते. तिथे नियम का आहे, हे आधी बोललं जातं. बाकीच्या किती कॉलेजांत प्रवेशाच्या दिवशी असं कुणी बोलतं? अँटी-रॅगिंगच्या फॉर्मवर सही घेतात तशी 'नशा करणार नाही'वर सही घेतात आणि फॉर्म फायलीत जातो.

म्हणून माझं म्हणणं तीन वाक्यांत. पीत नसाल तर उत्तम, त्यासाठी कुणाला कारण द्यायची गरज नाही. पीत असाल तर पुढच्या वेळी कोल्ड्रिंक बाजूला ठेवा, आणि पिण्याआधी गिलासात नाक घाला. वास सहन झाला नाही तर तो गिलास तुम्ही कशासाठी उचललाय, हे बरोबरच्या एका तरी माणसाला मोठ्याने सांगा.

हे तिसरं वाक्य अवघड आहे, मला कल्पना आहे. पण त्या मुलाने ते कुणाला सांगितलं असतं, तर कदाचित त्या रात्री दोघं टपरीवर चहा पीत बसले असते. कदाचित नसतेही बसले. निदान एकाला तरी कारण माहीत असतं.

अस्वादाबद्दल शेवटचं. मला वाटायचं की चाखणं हे अस्वादाच्या अगदी उलट आहे. आता वाटतं, गटागटा पिणं त्याहून कितीतरी उलट आहे. दोन घोटांवर थांबून, जिभेवर काय होतंय याकडे लक्ष देणाऱ्याला निदान आपण काय घेतोय हे माहीत असतं. बापूंना हे पटलं असतं, असा दावा मी करणार नाही. पटलं नसतंच. त्यांनी ताडाच्या आणि शिंदीच्या झाडांकडे पाहून ताडीऐवजी नीरा आणि गूळ व्हावा असा आग्रह धरला होता. तोच गोड रस सूर्य वर यायच्या आत उतरवला तर नीरा, ऊन चढेपर्यंत तसाच राहिला तर ताडी. थोडक्यात, त्यांचा राग गोडीवर नव्हता. आपल्याकडे खरोखरची कोवळी आणि गोड गोष्ट ती होती. ती सेवाग्रामच्या रस्त्यावर मला आजवर एकाही गाडीवर दिसली नाही, आणि हातभट्टी कुठे आहे ते मात्र सातवीत माहीत होतं. यावर कुणी आंदोलन करणार असेल, तर मी बॅनर रंगवायला येते.

घरी मी हे सगळं सांगितलं. लेख छापून येण्याआधी सांगणं भाग होतं. बाबांनी वाइनचा भाग सोडूनच दिला. "बुरशी लागलेल्या मालाले भाव? कोन देते?" असं विचारून ते बराच वेळ हसले आणि मग गप्प झाले.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "गोड होती?"

"हो."

"मंग त भेवच जास्त. तुया काकाची त कडू होती, तरी सुटली नाई."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. लेखातही नाही. पण काका गेल्यानंतर त्यांच्या 'त्या'बद्दल आमच्या घरात कुणीतरी एक पूर्ण वाक्य बोललं, ते हे पहिलं. मी तिच्या शेजारी बसले आणि मेथी निवडायला लागले. पुढचा तासभर ती काकांबद्दल बोलत होती.

शनिवार येतोय. नदीपलीकडे जाणार असाल, तर त्याआधी एक तास असं कुणाजवळ तरी बसून बघा.